मौनाचं पच्चखाण

“बाई आल्या तरच मी कोर्टात येईन,” असं प्रियलने घरात सांगून टाकलं, म्हणून कंचनबाई सकाळीच माझ्या ओट्यावर येऊन बसल्या.

“छोरीने हट्ट धरला आहे,” त्या म्हणाल्या. “परवा तारीख आहे. आमच्याच गाडीत चला. नंदुरबारला जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. तुम्ही तर घरच्याच.”

घरची म्हणजे शेजारची. शहाद्यातल्या आमच्या गल्लीत चांदमलजींचं कापडाचं दुकान, वर त्यांचं घर आणि त्याला लागून माझ्या दोन खोल्या. माझे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस माझा डबा कंचनबाईंच्या स्वयंपाकघरातून आला होता. अशा घराला नाही म्हणायला जीभ वळत नाही. मी येते म्हणाले.

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. पहिली नऊ वर्षं धडगावकडच्या डोंगरात होते. तिथल्या मुलांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना, त्यामुळे मुलांच्या चेहऱ्यावरून ओळखायची सवय तिथे लागली. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी गल्लीतली चार-पाच मुलं ओट्यावर बसतात. प्रियल तिसरीत असल्यापासून यायची. आता ती आठवीत होती, तेरा पूर्ण.

तिची आई चांदनी. चांदमलजींची सून. त्या घरात मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं. अरिहंत, प्रियलचे वडील, तसा भला माणूस, पण वडिलांसमोर त्याचा आवाज निघत नसे. चांदनी बी.कॉम. झालेली. तिला दुकानात बसायचं होतं, ते चांदमलजींना मान्य नव्हतं. बाहेर नोकरी करते म्हणाली, तेही नाही. ती बोलायची, अरिहंत ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला निघून जायचा. बारा-तेरा वर्षं हे चाललं आणि दीड वर्षापूर्वी जानेवारीत ती घर सोडून नंदुरबारला गेली. तिथे मिरचीच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात तिला काम मिळालं होतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. प्रियलला आत्ताच बरोबर नेऊ का, असं विचारत होती. मी म्हणाले, “वर्ष मध्येच तोडू नकोस गं. एप्रिलमध्ये परीक्षा झाली की ने.” जन्मभर शिकवणाऱ्या माणसाला परीक्षेच्या पलीकडचं दिसत नाही. तिने माझं ऐकलं. एप्रिलमध्ये न्यायला आली तेव्हा चांदमलजी दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, “लेकरू टाकून गेलीस, आता कोणत्या तोंडाने मागतेस?” रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. त्यानंतर घटस्फोटाचा दावा लागला, आणि प्रियल कुणाकडे राहणार हा त्यातला मोठा प्रश्न झाला. तोवर कोर्टाने एकाआड एक रविवारी भेट ठरवून दिली आणि दिवाळीत चार दिवस आईकडे.

त्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाकीची मुलं गेली होती. प्रियल निबंध लिहीत होती. मध्येच थांबली आणि वहीकडेच बघत म्हणाली, “बाई, मला मम्मीकडे राहायचंय.”

 मूल बोलायला लागलं की आपण गप्प बसावं, एवढं मला येतं.

“तिथे एकच खोली आहे. मिरचीने सारखं नाक झोंबतं. तरी मला तिथेच राहायचंय.” तिने ओळीखाली उगीच रेघ मारली. “कुणाला सांगू नका. दादीला कळलं तर ती जेवणार नाही.”

“मम्मीला सांगितलंस?”

“तिला सांगितलं तर ती वकिलाला सांगेल. मग ते लिहितात.”

“नाही सांगणार मी.”

“शपथ?”

“शपथ.”

त्यानंतर आमच्यात हा विषय पुन्हा निघाला नाही. मी काढला नाही. या मुलीचं ओझं आपण निम्मं उचललंय, असं मला वाटायचं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही वाटायचा.

तारखेच्या दिवशी सकाळी मी गाडीपाशी गेले तेव्हा प्रियल मागच्या सीटवर बसलेली होती. “झाली का गं तयारी?” मी विचारलं. ती नुसती बघत राहिली. मान हलवली नाही की हसली नाही.

“तिचं मौन आहे,” पुढच्या सीटवरून कंचनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कौतुकाने भरून आला होता. “चातुर्मास आहे ना, महासतीजी आपल्या जैन स्थानकात उतरल्या आहेत. सकाळी माझ्याबरोबर दर्शनाला आली आणि आपली आपण हात जोडून उभी राहिली. म्हणे, मला दिवस मावळेपर्यंत मौनाचं पच्चखाण द्या. महासतीजी म्हणाल्या, बेटा, खुणा करायची आणि लिहायची सूट ठेवू या. तर म्हणे नको, तेही सगळं बंद. एवढ्याशा मुलीने! सगळ्या बाया बघत राहिल्या.”

पच्चखाण म्हणजे साध्वींच्या समोर घेतलेला नेम. त्या घरात तो कुणी मोडत नाही. कंचनबाईंनी एकदा तापात फणफणतानासुद्धा सूर्यास्तानंतर पाण्याचा घोट घेतला नव्हता.

गाडी चालवायला अरिहंतच होता. त्याने आरशातून मुलीकडे पाहिलं. “आई, पण आज? आज तिला जज विचारणार आहेत.”

“मग काय मोडायचं? तू सांग तिला मोड म्हणून.”

त्याने नाही सांगितलं. पुरुषोत्तमनगरचा फाटा मागे पडल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि वकिलाला फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, वकील काय बोलले ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

“बोलणार नाही? अहो, मग तर उत्तमच. मुलीने काही सांगितलं नाही तर जे चालू आहे तेच चालू ठेवतात. मला तीच तर धास्ती होती. तेरा वर्षांची मुलगी म्हणजे जज तिचं म्हणणं मनावर घेतात. आईकडे जायचं असं एकदा तोंडातून निघालं असतं, तर आपलं अवघड होतं.”

“आमची प्रियल असं म्हणालीच नसती,” कंचनबाई फोनच्या दिशेने म्हणाल्या.

मी प्रियलकडे पाहिलं. ती खिडकीतून पपईच्या बागा बघत होती. प्रकाशाच्या पुलावर गाडी आली तेव्हा तिने माझा हात धरला आणि नंदुरबार येईपर्यंत सोडला नाही. लेकरू घाबरलंय, मी मनात म्हणाले.

कोर्टाच्या आवारात कमलीबाई नावाची एक बाई चहाची टपरी चालवते. तिने आम्हाला बाकडं पुसून दिलं, चहा दिला आणि प्रियलला विचारलं, “बेटा, तुले बिस्कुट देऊ का?” एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “पोरगी मुकी शे का माय?”

दारावर येणाऱ्या भाजीवाल्यांशी बोलून बोलून कंचनबाईंची अहिराणी माझ्यापेक्षा चांगली झालेली. त्या म्हणाल्या, “मुकी कसाले ऱ्हाई? मौन शे तिन्हं.”

“असं मौन मन्ही सासूले कोठे भेटी?” कमलीबाई म्हणाली, आणि बाकड्यावरची माणसं हसली. कंचनबाईही हसल्या. प्रियल समोर ठेवलेल्या पेल्यात बघत होती.

तेवढ्यात चांदनी आली. रोडावली होती. सरळ मुलीसमोर येऊन वाकली. “प्रियल?”

प्रियलने तिच्याकडे पाहिलं. 

“पच्चखाण आहे तिचं, दिवस मावळेपर्यंत,” कंचनबाई म्हणाल्या.

“माझ्याशीसुद्धा नाही?”

“पच्चखाणात तुझं-माझं असतं का, बिनणी? तूही त्याच घरातली होतीस.” सुनेला त्या अजून बिनणीच म्हणत.

चांदनीने प्रियलच्या केसांवरून हात फिरवला. “बरं बेटा. पाळ.” मग मला म्हणाली, “बाई, जरा इकडे येता?”

आम्ही जिन्यापाशी गेलो. तिने इकडे-तिकडे पाहिलं. “रोज एक तास तुमच्याकडे असते ती. काही म्हणते का माझ्याबद्दल? माझ्याकडे येते तेव्हा सारखी घड्याळ बघते. तिला यायचंच नसेल तर तसं सांगा. मी तिला ओढून नेणार नाही. दावा मागे घेईन, पण मला कळू दे.”

जिन्याच्या तोंडाशी कंचनबाई चहाचा पेला हातात धरून आमच्याकडे बघत उभ्या होत्या.

“आमचा अभ्यासच चालतो गं,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर सगळेच ठेवतात.

साडेअकराला प्रियलला आत बोलावलं, एकटीलाच. बरोबर कोण कोण आलंय, ते शिपायाने आधी लिहून घेतलं होतं. आम्ही बाहेर बसलो. एका बाजूच्या बाकावर अरिहंत आणि कंचनबाई, समोरच्या बाकावर चांदनी. मी अरिहंतच्या शेजारी बसले, कारण मी त्यांच्या गाडीतून आले होते. वीसेक मिनिटांनी दलसिंग शिपाई बाहेर आला.

“ते शिक्षिकाबाई कोण शेत? चला. मॅडम बलाई ऱ्हायन्यात.”

खोली लहान होती. खिडकीत तुळशीची कुंडी. जज मॅडम चाळिशीच्या असतील. काळा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता, मुलांना भीती वाटू नये म्हणून असेल. प्रियलच्या पुढे बिस्किटांची बशी, कोरा कागद आणि पेन. तिने कशालाच हात लावलेला नव्हता.

“बसा,” मॅडम म्हणाल्या. “हिची सही मस्त आहे असं मी म्हणाले, फाइलमधल्या हिच्या शाळेच्या कागदावर पाहिली. आवडते विषय विचारले, मैत्रिणी विचारल्या. लिहून दे म्हटलं, नुसती मान हलव म्हटलं. काही नाही. हे मौन तिला घरच्यांनी घ्यायला लावलं का?”

“नाही मॅडम. ते तिचं तिनेच घेतलं.”

“मी पुढची तारीख देऊ शकते. पण मुलांना या खुर्चीत बसवून बसवून एक गोष्ट मला कळली आहे. पुढच्या तारखेपर्यंत घरात त्यांची रोज परीक्षा होते. आज काय सांगशील, उद्या काय सांगशील. म्हणून पुन्हा बोलवायचं मी होता होईतो टाळते.” त्यांनी खुर्ची पुढे घेतली. “तुम्ही आत आलात तेव्हा ही पहिल्यांदा पाठ टेकून बसली. म्हणून तुम्हाला विचारते. आईकडे राहावं की वडिलांकडे, याबद्दल ही तुमच्याशी कधी बोलली आहे का? तुमचं नाव कुठे येणार नाही. हिचंही वाक्य म्हणून मी ते लिहिणार नाही. मला फक्त कळायला हवं आहे.”

प्रियलने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी चौतीस वर्षं पाहिली होती. मागच्या बाकावरच्या ज्या मुलाला उत्तर येत असतं पण उभं राहायची भीती वाटते, ते असं बघतं. डोळे मोठे, ओठ घट्ट मिटलेले. बाई, मला उठवू नका. अशा मुलाला मी कधी उठवलं नाही. शिक्षणाधिकाऱ्यांनी एकदा माझ्या वर्गात बसून हे पाहिलं आणि सगळ्या केंद्राच्या बैठकीत त्याचं कौतुक केलं होतं.

“नाही मॅडम,” मी म्हणाले. “अभ्यासाशिवाय आमचं काही बोलणं होत नाही.”

प्रियल बघत राहिली. थोडा वेळ तिने नजर हलवली नाही. मग ती बिस्किटांच्या बशीकडे बघू लागली.

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं.

परतीच्या वाटेवर मी स्वतःला सांगत होते की मी दिलेला शब्द पाळला. वचन देताना माणूस मुलाला मोठं समजतो, मग पाळतानाही समजलंच पाहिजे. असं बरंच काही. पण कंचनबाईंनी मागे वळून माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तुम्ही होतात म्हणून धीर होता,” तेव्हा मला जे बरं वाटलं, ते वचन पाळल्याचं नव्हतं. पुढच्या आठवड्यातही या गल्लीत राहायचं आहे, आणि त्यात काही बिघडलेलं नाही, याचं ते बरं वाटणं होतं. ते मला तेव्हाच कळलं होतं. मी खिडकीची काच खाली केली, इतकंच.

दिवस मावळला. त्यांच्या घरातून नवकार मंत्राचा आवाज आला. मौन सुटलं असणार. थोड्या वेळाने प्रियल ओट्यावर आली. मी दिवा लावून नुकतीच बसले होते.

“बाई, तुम्ही सांगितलं का नाही?”

मला आधी समजलंच नाही. “काय सांगायचं होतं?”

“मला कुठे राहायचंय ते.”

“तूच म्हणाली होतीस ना बाळा, कुणाला सांगू नका. मी शपथ घेतली होती.”

“ते दिवाळीत.” ती उभीच होती. “आज मी तुम्हाला त्यासाठीच नेलं होतं.”

 मग तिने मला समजावून सांगितलं, हळूहळू, एकेक पायरी, जसं मी तिला भूमितीचं प्रमेय समजावून सांगते तसं.

“मी बोलले असते तर दादी म्हणाली असती, प्रियलने आम्हाला सोडलं. लिहिलं असतं तरी तेच. मान हलवली असती तरी तेच. म्हणून मी सगळंच बंद करून घेतलं. मग जज कुणाला तरी विचारणारच. मम्मी-पप्पांना विचारून काय उपयोग, ते आपलंच सांगणार. म्हणजे तुम्हालाच विचारणार. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही सांगितलं असतं तर मी काही बोलले नसते, आणि तरी त्यांना कळलं असतं. आणि आत काय बोलणं झालं ते दादीला कधीच कळलं नसतं.” ती थांबली. “त्यांनी विचारलंसुद्धा. अगदी मी ठरवलं होतं तसंच विचारलं. मी तुमच्याकडे बघितलं पण.”

“मला वाटलं...”

“काय वाटलं?”

 तेरा वर्षांच्या मुलीने कोर्टाची चाल ओळखून, धर्माचा नेम पुढे ठेवून, आजीचं मन राखून, एक-एक दार लावत आणलं होतं आणि एकच उघडं ठेवलं होतं. त्या दारात मी उभी होते.

“मी उद्या नंदुरबारला जाते,” मी म्हणाले. “मॅडमना भेटून सांगते.”

“नको. आता ते वकिलामार्फत द्यावं लागेल. कागदावर. त्याची एक प्रत पप्पांच्या वकिलाकडे येते. ती घरी येते आणि दादाजी ती जेवताना मोठ्याने वाचतात.” तिने चप्पल घातली. “जाते मी. दादी वाट बघतेय.”

रविवारी सकाळच्या एसटीने मी नंदुरबारला गेले. भेटीचा रविवार नव्हता, चांदनी एकटीच होती. मिरचीचा हंगाम लागायला अजून वेळ होता. खोलीमागची पथारी, जिथे मिरची वाळत घालतात ती मोकळी जागा, गवताने हिरवी झाली होती. तरी खोलीत शिरताच घशाला ठसका बसला. भिंतीला लागून एक छोटं टेबल होतं, त्यावर सातवीची पुस्तकं. गेल्या वर्षी घेऊन ठेवलेली, कोरी.

मी तिला सगळं सांगितलं. दिवाळीपासूनचं.

तिने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, “नऊ महिने झाले, बाई.”

“हो.”

“मी जिन्यापाशी तुम्हाला विचारलं होतं.”

“हो.”

“मला वाटायचं, घड्याळ बघते म्हणजे कंटाळते. दर वेळी ती गेली की मी स्वतःला समजावायचे, नकोशी झालीस तू, आता मान्य कर.” तिचा आवाज चढला नाही. “तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही रोज तिला गणितं घालत होतात.”

“मी प्रतिज्ञापत्र देते,” मी म्हणाले. “मी खोटं बोलले, असं लिहून देते. होईल ते होऊ दे माझं.”

तिने वकिलाला फोन केला, उभ्याउभ्याच बोलली. ते म्हणाले, करता येईल. अर्ज द्यावा लागेल, समोरच्याला प्रत द्यावी लागेल, त्यांचं म्हणणं येईल, मुलीला पुन्हा बोलावतील, दोन-तीन महिने धरा. फोन ठेवून ती पलंगावर बसली.

“म्हणजे तुमचा कागद आठ दिवसांत त्यांच्या घरी पोचणार. आणि पुढचे तीन महिने ती त्याच घरात राहणार, त्याच पंगतीला जेवणार. रोज सगळे तिच्याकडे बघणार. मग तिला पुन्हा त्या खुर्चीत बसवून विचारणार, तू खोटी की बाई खोट्या.” ती टेबलावरची पुस्तकं एकावर एक लावू लागली. “तिने एवढं सगळं का केलं? दादीला कळू नये म्हणून. आणि मीच ते कळवू?”

“मग काय करायचं?”

“काही नाही.”

“अगं, पण...”

“तुम्हाला सांगून हलकं वाटलं असेल, बाई. मला नाही वाटलं.”

मी उठले. तिने मला थांबवलं नाही, पण दारापर्यंत आली. “तिची शिकवणी बंद करू नका,” ती म्हणाली. “तेवढा एक तास तरी ती त्या घराबाहेर असते.”

ऑक्टोबरमध्ये निकाल लागला. ताबा वडिलांकडे. आईला महिन्यातून दोन रविवार आणि मोठ्या सुट्टीत निम्मे दिवस. अरिहंतने मला निकालाची प्रत वाचायला आणून दिली, मी मागितली नव्हती. त्यात लिहिलं होतं: मुलगी समजत्या वयाची असल्याने तिची इच्छा जाणून घेण्याचा प्रयत्न केला, परंतु तिने कोणतीही पसंती व्यक्त केली नाही. तिच्या विश्वासातील एका ज्येष्ठ, त्रयस्थ व्यक्तीकडेही तिने तशी इच्छा कधी बोलून दाखवलेली नाही. सबब तिची शाळा, घर आणि सध्याची घडी बदलण्यास सबळ कारण दिसत नाही. भाषा स्वच्छ होती. मॅडमनी शब्द दिल्याप्रमाणे माझं नाव कुठेही आलं नव्हतं. अरिहंत प्रत परत घेताना म्हणाला, “थँक यू, बाई.” मग थोडं थांबून, “ती खूश आहे ना? तुम्हाला काय वाटतं?” मी काही म्हणायच्या आत दुकानातून वडिलांची हाक आली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी कंचनबाई काजूकतलीचा डबा घेऊन ओट्यावर आल्या.

“वकील म्हणाले, त्या बाईंच्या एका शब्दाने काम सोपं झालं. आता तुमचे उपकार कुठे फेडू?”

मी डबा घेतला.

त्या जवळ सरकल्या. “एक सांगायचं होतं. आईकडे जाऊन आली की दोन-दोन दिवस गुमसुम असते. जेवताना वर बघत नाही. तिथे तिला काय शिकवून पाठवतात, कोण जाणे. तुम्ही जरा गोडीगुलाबीने काढून घ्या ना. तुमच्याशी मोकळी आहे ती.”

“नाही हो, कंचनबाई,” मी म्हणाले. “माझ्याशी ती काही बोलत नाही.”

त्या हसल्या. माझ्या गुडघ्यावर थोपटलं. “राहू द्या. तुमच्या पोटात किती राहतं, ते काय आम्हाला माहीत नाही?”

त्या गेल्या आणि पाच मिनिटांनी प्रियल आली. चप्पल काढली, नेहमीच्या जागी बसली, बीजगणिताची वही उघडली. सगळी उदाहरणं सोडवून आणली होती. मी एकेक तपासलं. एकही चुकलेलं नव्हतं.

“काही अडलंय का?” मी विचारलं.

“नाही बाई,” ती म्हणाली, आणि पुढचा धडा काढून तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं.